नानांच्या अठरा जागा

कल्पना करा, तुम्ही होडीत आहात. चारी बाजूंना पाणी. इथेच कुठेतरी खाली खडक आहे, त्याला खेटून मासे आहेत. पण पाण्यावर खूण कशी करणार? मालवणचे दाऊद नाना त्यासाठी किनाऱ्याकडे बघत. मशिदीचा मिनार आणि मागची टेकडी एकामागे एक आली, की झाली एक रेघ. दीपस्तंभ आणि वाकडा माड असेच जुळले, की दुसरी. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे गळ टाकायचा.

अशा अठरा जागा नानांनी घरच्या संगणकात मुलाकडून लिहून घेतल्या होत्या. बाहेर कुणाला त्यांचा पत्ता लागू दिला नव्हता. आता त्यांना स्वतःला जेमतेम सहा आठवत, आणि खाऱ्या हवेने संगणक आतून गंजला होता. चौथ्या खेपेला कसाबसा सुरू होई. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले होते.

नानांच्या मुलीने, नाझनीनने, टॅब्लेट आणला. सगळं क्लाउडवर ठेवू, मग जुना संगणक भंगारात गेला तरी बिघडत नाही, असं तिचं म्हणणं. नानांची दहा वर्षांची नात तुबा हिने विचारलं, क्लाउड म्हणजे आभाळात का? तिची फुफू, म्हणजे आत्या, हसली. दूर कुठल्यातरी इमारतीत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात, त्यांच्यावर, म्हणाली. टॅब्लेट ही नुसती खिडकी.

"मगे त्या खिडकेतसून आणि कोण कोण बघतत?" नानांनी विचारलं.

पासवर्ड असतो, असं फुफूने परोपरीने सांगितलं. नाना ऐकेनात. "चावी माझी, पण घर परक्याचां. माझ्यो जागा थंय नको."

तुबा जुन्या संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. प्रत्येक जागेपुढे दोन ओळी होत्या, एकेका रेघेची एक. तिने एक ओळ बोटाने झाकली.

"नाना, एकाच रेघेर जागा गावता?"

"नाय गो. रेघ म्हणजे आख्खी वाट. खंय थांबतलंस?"

"मगे अर्धांच पाठवया."

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "तुझ्या बापाशीक ह्यां कधी सुचाक नाय."

तुबाने अठराही जागांची पहिली रेघ टॅब्लेटवर टाकली. मग नानांना शेजारी बसवून, संगणक कायमचा बंद पडायच्या आत, ती दुसऱ्या रेघा मोठ्याने पाठ करू लागली.