पॉवर मंडळाचं शेवटचं गाऱ्हाणं

माझं नाव चंद्रावती. आजीचं नाव मला ठेवताना कुणी विचारलं नव्हतं, आणि आठवीपर्यंत मी ते शाळेत तोंडातल्या तोंडात सांगायचे. मग वक्तृत्व स्पर्धेत मी तालुक्यात पहिली आले. बक्षीस घ्यायला लाउडस्पीकरवरून ‘चंद्रावती’ असा पुकारा झाला आणि माझ्या लक्षात आलं, की हे नाव कुजबुजायला वाईट असलं तरी ओरडायला फार छान आहे. तेव्हापासून मला कुणी गप्प बसवू शकलेलं नाही. पेडणे पॉवर मंडळाची पहिली आणि शेवटची बाई निवेदक मीच.

मंडळ म्हणजे भजनी नव्हे, कुस्तीचं. तीही तांबड्या मातीतली नव्हे. टीव्हीवर दाखवतात ती, दोरांच्या रिंगणातली, ज्यात लोक एकमेकांच्या डोक्यात खुर्ची घालतात आणि मागाहून एकत्र चहा पितात.

मंडळ निघालं ते खाणी बंद झाल्या म्हणून. पप्पा आणि त्यांचा दोस्त बाबलीकाका डिचोलीच्या बाजूला लोखंडाच्या लाल खनिजाचे ट्रक चालवायचे. आम्ही धारगळचे, बाबलीकाका बांद्याकडचा, पण त्याचं अर्धं आयुष्य इकडे ट्रकच्या केबिनमध्येच गेलेलं. ट्रक थांबले तसे पप्पा घरी बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले, ओसरीवर, भिंतीकडे तोंड करून. आई महिला मंडळातर्फे शाळेच्या मुलांसाठी भाजी करायची, पहाटे पावांच्या टोपल्या मोजून घ्यायची, आणि जाताना त्यांच्या बाजूला चहाचा कोप ठेवायची. दुपारी ती परत आली तरी कोप तसाच भरलेला असायचा, वर साय धरलेली. पावसाळा आला, गेला. भिंत तीच.

मग एक दिवस बाबलीकाका आला आणि पप्पा आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जाऊन बसला. पप्पांचं नाव सगुण. तो म्हणाला, “सगुणा, तुका पडूक येता, माका उचलूक येता. आनी काय व्हया?”

त्यातून मंडळ झालं. खाली ट्रकची झिजलेली टायरं, त्यांच्यावर माडाच्या फळ्या, फळ्यांवर भाताचं गवत आणि सगळ्यावर खनिज झाकायची ताडपत्री. दोर नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवरचे. ती ताडपत्री कितीही धुतली तरी लाल रंग सोडायचीच, त्यामुळे पहिल्याच आपटीत दोघांच्या पाठी रक्तबंबाळ झाल्यासारख्या दिसायच्या आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या ‘पुरे रे, मरात तो’ म्हणून डोळे झाकायच्या. जत्रेत दशावतारी नाटकाच्या आधी आमचा खेळ असायचा. कोण जिंकणार ते ठरलेलं, आणि लोकांनाही ते अर्धंमुर्धं ठाऊक. नाटकातला राक्षस मरणार हे ठाऊक असून लोक बसतातच ना?

पप्पा ‘टायगर’ आणि बाबलीकाका ‘डंपर’. डंपरचा हुकमी डाव होता ‘खाली करणं’. समोरच्याला खांद्यावर आडवा घ्यायचा, चारी बाजूंच्या लोकांना दाखवत एक फेरी मारायची, आणि डंपरचा हौदा उलटतो तसा पाठीमागे मानेवर सोडायचा. आमच्याकडच्या माणसांनी जन्मभर खनिज खाली होताना बघितलेलं. फेरी सुरू झाली की सगळं मैदान ‘खाली कर! खाली कर!’ म्हणून टाळ्यांचा ठेका धरायचं.

इतक्या वर्षांत कुणाचं हाड मोडलं नाही, ते धाकूआजोच्या गाऱ्हाण्यामुळे. धाकूआजो दशावतारात मृदंग वाजवायचा. त्याने मंडळाला एक रीत घालून दिली होती. खेळाआधी पडद्यामागे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं आणि त्यात प्रत्येकाने आपलं दुखणं देवाला सांगायचं. कुणाचा गुडघा, कुणाची बरगडी. समोर खेळणाऱ्याने त्या जागेवर हात ठेवायचा. म्हणजे हे मी जपेन. मग सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. रिंगणात हवं तितकं खोटं चालेल, पण गाऱ्हाण्यात चालणार नाही, हे धाकूआजोचं एकच बोलणं. एकदा एकाने मूळव्याध सांगितली, तेव्हा हात ठेवायचा कुठे यावर बराच खल झाला म्हणतात.

यंदा थंडीत पप्पांच्या डाव्या हातातून कोप पडायला लागले. एक पडला, दुसरा पडला. आई म्हणाली, लक्ष कुठे असतं तुमचं. मी त्यांना शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत म्हापशाला घेऊन गेले. डॉक्टरने उजेडासमोर फोटो धरला आणि मानेतला सरकलेला मणका दाखवला. आणखी एक हिसका बसला तर हात कायमचा जाईल, म्हणाला, आणि पायांचीही खात्री देता येणार नाही. बाहेर येऊन पप्पांनी मला बाजारातलं गोड खाजें घेऊन दिलं. मी काय लहान आहे? पण खाल्लं. आईला सांगू नको, म्हणाले. गाऱ्हाण्यात सांगेन, मग बाबली जपेल, खाली करायच्या ऐवजी नुसता बसवेल, लोकांना कळणारसुद्धा नाही. मला पटलं. गाऱ्हाण्यात कोण खोटं बोलतं?

पुढचा खेळ धारगळलाच, हमरस्त्याच्या कडेच्या मैदानात होता. मांद्र्याच्या बाजूला ज्याचं हॉटेल आहे असा एक माणूस बघायला येणार होता. त्याला आवडलं तर सबंध मोसमभर दर शनिवारी पर्यटकांसमोर खेळ. त्याने मोबाइलवर ‘खाली करणं’ बघितलं होतं आणि त्याला तेच हवं होतं. पप्पांनी आठवडाभर दाढी रोज केली.

संध्याकाळी पडद्यामागे धाकूआजोने नारळ ठेवला. सगळ्यांनी आपापलं सांगितलं. बाबलीकाकाने नेहमीचा उजवा गुडघा सांगितला, पप्पांनी त्यावर हात ठेवला. मग पप्पांची पाळी. त्यांनी एकदा नारळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“माझा काय नाय,” ते म्हणाले. “बरो आसंय.”

हात ठेवायला जागाच नाही म्हणून बाबलीकाकाने त्यांच्या पाठीवर हसत थाप मारली. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. मी म्हटलं नाही. मी त्यांचा सदरा धरून त्यांना कनातीपाशी ओढलं, पण मी तोंड उघडायच्या आधीच ते बोलले, अगदी हळू:

“चंद्रा, आज तो माणूस इलोहा. माका परत भिंतीकडे बसव नको गो.”

मी, जिला कुणी गप्प बसवू शकत नाही, ती गप्प बसले. भिंत मीही बघितली होती.

खेळ सुरू झाला. मी त्यांची नावं पुकारली, लोकांना हसवलं, डंपरला शिव्या घातल्या. माझं ते कामच. पण डोळा पप्पांच्या डाव्या हातावर. ते सगळं उजव्याने करत होते. डावा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बाजूला हलत होता. बाबलीकाकाला ते नाटक वाटलं असणार, तो उलट खूश दिसत होता. पप्पा दोनदा पडले, पाठ लाल झाली, उठले. पुढच्या खुर्चीत हॉटेलवाला मोबाइल धरून बसलेला.

मग बाबलीकाकाने त्यांना उचलून खांद्यावर घेतलं आणि फेरी सुरू केली. ‘खाली कर! खाली कर!’

मी माइकवर ओरडले, “नको डंपर, सोड टायगरला!” आणि ओरडता ओरडताच मला कळलं, की हे मी प्रत्येक खेळात ओरडायचे. हे माझं ठरलेलं वाक्य होतं. बाबलीकाकाने मला ठरलेला डोळा मारला. मी रडले तर तो म्हणणार, काय झकास रडते आमची चंद्रा. त्या मैदानात मी काहीही म्हटलं असतं तरी ते नाटकच ठरलं असतं. त्याची तिसरी बाजू दाखवून झाली. पप्पांचं डोकं खाली लोंबत होतं आणि उलट्या डोळ्यांनी ते माझ्याकडेच बघत होते. नको, असं म्हणत होते. मला, डंपरला नाही.

मी माइक दोन्ही हातांत धरला आणि धाकूआजोच्या सुरात सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! माझ्या बापाशीची मान सरकलेली आसा. तेच्या डाव्या हातात जोर नाय. ता तेणी तुका सांगूक नाय, म्हणान मी सांगतंय. उचलतलो तेका बुद्धी दी आणि माझ्या बापाशीक सुखरूप जमनीर ठेव रे म्हाराजा!”

टाळ्या थांबल्या. मग सगळं मैदान, म्हाताऱ्या, भेळवाला, कठड्यावर चढलेली पोरं, सवयीनेच एका आवाजात म्हणालं, “व्हय म्हाराजा!”

बाबलीकाका जागच्या जागी थांबला. मग तो त्या दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसला आणि झोपलेलं मूल ठेवावं तसं पप्पांना ताडपत्रीवर ठेवलं. आणि सगळ्या लोकांदेखत त्यांच्या मानेवर हात ठेवला. पडद्यामागे ठेवायचा राहिला होता तो.

हॉटेलवाला टाळ्या वाजवत आला. हे तर त्या डावापेक्षा भारी आहे, म्हणाला, ही मुलगी दर शनिवारी अशीच प्रार्थना करेल का, पर्यटक रडतील. पप्पा टायरावर बसले होते. “ता नाटक न्हय,” ते म्हणाले. त्याला वाटलं, हेही त्यातलंच. तो हसला. पप्पांनी त्याच्याकडे बघून पुन्हा तेच सांगितलं, आणि मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. थोड्या वेळाने त्याची गाडी रस्त्याला लागली.

मंडळ त्यानंतर उभं राहिलं नाही. टायगर-डंपरच्या खेळात आता लोक मानेकडे बघणार, असं बाबलीकाका म्हणाला, आणि सावंतवाडीला कुणाच्या तरी टेंपोवर लागला. ताडपत्री आमच्या रचलेल्या गवताच्या कुडीवर आहे. पहिल्या सरीला खालचं गवत लाल होईल.

पप्पांच्या मानेला पट्टा आहे. शुक्रवारी मीच त्यांना म्हापशाला नेते. बसमध्ये आम्ही शेजारी बसतो. घरी माझ्याशी बोलायचं असलं तर ते आईला सांगतात: चेडवाक सांग, फाइल घे. बाकीचा वेळ ओसरी आणि भिंत. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळं निवेदन मी केलं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. ते आले नाहीत.

परवा घरच्या देवाचा वार्षिक नारळ होता. गाऱ्हाणं घालायला धाकूआजोच आला. कुणाचं काय दुखणं आहे ते सांगा, म्हणाला. आईने कंबर सांगितली. मी म्हटलं, माझं काही नाही. पप्पांनी नारळाकडे बघितलं. मला वाटलं, आता मान म्हणतील.

“माका माझ्या चेडवाचो राग आसा, देवा,” ते म्हणाले. “जायना तो.”

आई माझ्याकडे बघायला लागली. धाकूआजो डोळे मिटून थांबला. त्याची रीत पुरी झाल्याशिवाय तो पुढे जात नाही. कुणीतरी हात ठेवायलाच हवा होता, आणि समोर उभी होते मी.

रागावर हात कुठे ठेवतात? मी त्यांच्या मानेवर ठेवला, पट्ट्यावर. पट्टा घामाने ओला आणि गरम होता. त्यांनी मान बाजूला घेतली नाही. पण मान हलवायची त्यांना डॉक्टरचीच मनाई आहे, त्यामुळे त्यावरून काही समजता येत नाही.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. पहिल्यांदाच इतक्या हळू.