चटईखालचं डोकं

"चटईखाली शिरलीस की मग तू कुणाची बहीण नाहीस, कुणाची आई नाहीस. मान खाली, तोंड बंद. दगड आला तरी हात वर न्यायचा नाही."

वडील हे सांगायचे ते भाजलेल्या नीरफणसाची साल काढता काढता. इतक्या सहज, की पाऊस आला तर वाळत घातलेले कपडे कसे आत घ्यायचे तेच जणू सांगताहेत. लोसिवाले तेव्हा लहान होती. असं डोकं आपल्यालाच खाली घालावं लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

पहिला दगड खांद्यावर बसला. दुसरा पाठीत. तिने हात हलवला नाही.

ती उजाडायच्या आधीपासून सिनापातीच्या दारासमोर गुडघ्यांवर बसली होती. डोक्यावरून जमिनीपर्यंत आईने विणलेली बारीक चटई. मलमलीसारखी मऊ, विणायला आईची कितीतरी वर्षं गेलेली. मागे घराण्यातले दोन म्हातारे चुलते, तेही तसेच झाकलेले. पुढ्यात सरपणाची मोळी, चुलाणाचे दगड आणि केळीची पानं. याचा अर्थ सगळ्या बेटाला ठाऊक होता. आम्ही तुमची डुकरं आहोत, भाजायचं तर भाजा.

सिनापातीने येऊन चटई उचलली तर माफी मिळाली, सुटका. सूर्य मावळेपर्यंत नाही उचलली, तर तिचे भाऊ लोसिवालेचं घर जाळणार होते, आणि तुरुंगातून सुटेल त्या दिवशी पेसामिनोला कापणार होते. तसं त्यांनी चर्चच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

पेसामिनो हा लोसिवालेचा धाकटा भाऊ. सिनापातीच्या मुलाचा, मलाकीचा उजवा हात त्याने कोपरातून तोडला होता.

घराण्याची प्रमुख म्हणून खाली बसायची पाळी लोसिवालेचीच होती. तशी ती गावच्या दवाखान्यात रोग्यांची पेज शिजवणारी बाई. शुक्रवारचा उपास, संध्याकाळची घंटा झाली की प्रार्थना, आणि कुणी रागावून बोललं तर उत्तर न देता भांडी घासायला घ्यायची. आताही ती ओठ न हलवता जपमाळेतली प्रार्थना म्हणत होती.

"मेली का बघ रे," सिनापातीच्या घरच्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

"कुठली मरतेय. चिवट जात आहे."

लाथ बरगडीत बसली. आत काहीतरी कट्कन मोडलं. प्रार्थनेतला शब्द तिथेच तुटला. तिने तो पुन्हा पहिल्यापासून घेतला.

या सगळ्याची सुरुवात किनाऱ्यावरच्या काळ्या दगडांपासून झाली. आज्याच्या पिढीने डोंगरावरून ते खांद्यावर वाहून आणले होते आणि समुद्राला गावाबाहेर थोपवलं होतं. मग सरकारने ठरवलं, इथे धक्का बांधायचा. मंत्री आले, डुक्कर कापलं गेलं, भाषणं झाली. निवडणुकीनंतर नव्या सरकारने ठरवलं, धक्का इथे नको, पलीकडच्या किनाऱ्याला हवा. तिथे दगड कमी पडले, तेव्हा इथले उचलायचं ठरलं. ही बातमी रेडिओवर मयतांची नावं आणि भजन यांच्या मधोमध सांगितली गेली.

लोसिवाले बोटीने राजधानीत गेली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सरकारी कचेरीत काउंटरवरची मुलगी नखं रंगवत होती.

"मावशी, दगड मंजूर झालेत."

"कुणी मंजूर केले, बाळा?"

"खात्यानं."

"मग खात्यातल्या माणसाला भेटव."

"खात्यात माणूस असा नसतो, मावशी. समिती असते."

"समितीला भेटते."

"ती बरखास्त झाली ना. निर्णय घेऊन झाला की समिती कशाला ठेवतील?" मुलगी हसली. वाईट नव्हती बिचारी. पंख्याखालची खुर्ची तिने लोसिवालेला दिली, नारळाचं पाणीही दिलं.

ट्रक आले आणि दगड घेऊन गेले. पुढच्याच मोठ्या भरतीला समुद्र अंगणात शिरला. त्यांच्याकडे घरातल्या माणसांना घरासमोरच पुरतात. आईच्या थडग्याचा चौथरा आधी तडकला, मग कलला आणि एका सकाळी फुटला.

त्या सकाळी पेसामिनो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून आईची हाडं टोपलीत गोळा करत होता. रडत नव्हता. एकेक हाड धुऊन ठेवत होता. नारळ तोडायचा कोयता नेहमीसारखा कमरेला होता. तेवढ्यात मलाकी आला. विशीतलं पोर, खांद्यावर मोजणीच्या दुर्बिणीची तिकटी. उरलेले दगड मोजायला खात्याने पाठवलेला. त्याने तिकटी रोवली, एक डोळा मिटून दुर्बिणीत पाहिलं आणि म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा. तुम्ही रेषेत येताय."

लोसिवाले ओट्यावर होती. पेसामिनोने टोपली हळूच खाली ठेवलेली तिने पाहिली. मग कोयता वर गेलेला पाहिला. ती पोचेपर्यंत दोन घाव झाले होते. हात वाळूत पडला होता, बोटं अजून हलत होती. दुसऱ्या घावाने कानापासून गाल उघडा पडला होता. तिने कमरेचं वस्त्र सोडून पोराच्या दंडाला करकचून बांधलं. पोर सारखं एकच म्हणत होतं, "मी नुसतं मोजतो. मावशी, मी नुसतं मोजतो."

पेसामिनो कोयता टाकून पाण्यात बसला होता. लाटेने टोपली उलटी केली, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

आता उन्हं चढली होती. सिनापातीचा मोठा भाऊ पुढे आला. त्याने पुढ्यातल्या मोळीला काडी लावली.

असं कुणी करत नसे. सरपण नुसतं दाखवायला आणायचं. सुकी लाकडं धडाधड पेटली. चटईखाली धूर कोंडला. मागे चुलत्याला खोकल्याची उबळ आली आणि जळक्या केसांचा वास आला. लोसिवालेच्या गुडघ्यांना आच लागली. कातडी ओढल्यासारखी झाली, मग फोड आले. ती जागची हलली नाही. देवा, चटईला आग लागू देऊ नकोस, एवढंच तिने मागितलं. आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

"बाजूला हो," बाईचा आवाज आला.

"ताई, तू आत जा."

"हात माझ्या पोराचा गेलाय. तुझा नाही. बाजूला हो."

पाण्याची घागर आगीवर रिकामी झाली. लाकडं फसफसली. चटई वर झाली आणि लोसिवालेच्या डोळ्यांत ऊन शिरलं. समोर सिनापाती. रोड, पांढऱ्या केसांची. डोळे रडून सुजलेले नव्हते, कोरडे ठाक होते. ती लोसिवालेसमोर ओल्या राखेतच बसली.

"पोराचा हात कुणी तोडला?"

"माझ्या भावानं."

"त्याला तिथं मोजायला कुणी पाठवलं?"

"सरकारनं."

"तुझ्या आईचं थडगं कुणी फोडलं?"

लोसिवालेने धुराने चुरचुरणारे डोळे पुसले.

"सरकारच ना? आणि हे सरकार म्हणजे कोण, गं? गुडघे आहेत का त्याला? डोकं आहे?" सिनापातीचा आवाज चढला नव्हता. "माझा हातपाय मोडला असता कुणी, तर त्याच्या घरचा मोठा माणूस इथं येऊन बसला असता. तू आलीस. तुला माझ्या माणसांनी तुडवलं, जाळलं. आणि ज्यानं सही केली तो बसलाय पंख्याखाली. त्याच्याकडून आलं का कुणी? दवाखान्यात एक केळं तरी घेऊन?"

"नाही."

"तुझ्याकडं?"

"नाही आलं."

सिनापातीने चटईची घडी घातली. रीतीप्रमाणे ती आता तिची झाली होती. कडेला जरा करपलं होतं, तिथून तिने बोट फिरवलं.

"कुणी विणली?"

"आईनं."

"हात चांगला होता." तिने चटई लोसिवालेच्या मांडीवर परत ठेवली. मागे भावांची कुजबुज झाली. ती वळली नाही. "तुझ्या घराला कुणी हात लावणार नाही. भावालाही नाही. ऐकताय ना रे? मी हिचं डोकं वर उचललंय. पण चटई मी ठेवून घेत नाही. ही घेऊन जा राजधानीत. ज्यानं ठरवलं त्याला शोध आणि त्याच्या हातात दे. म्हणावं, ही डोक्यावर घेऊन सिनापातीच्या दारात बसायला यायचंय तुम्हाला. सरपण आणलं नाहीत तरी चालेल, आमच्याकडं आहे."

"तो भेटणार नाही. मी पुष्कळदा गेलेय."

"तेव्हा तू मागायला गेली होतीस. आता द्यायला जातेयस. जाशील?"

"जाईन."

"शब्द?"

"शब्द."

दवाखान्यातल्या नर्सने बरगडीला पट्टा आवळला, गुडघ्यांना मलम लावलं आणि पंधरवडाभर पडून राहायला सांगितलं. लोसिवालेने मान डोलवली.

सोमवारी तिने पहाटेची प्रार्थना केली, दवाखान्यातली पेज शिजवून उतरवली आणि बदली बाईला मीठ किती ते सांगितलं. चांगला झगा घातला. चटई नव्या पंच्यात गुंडाळली. राजधानीच्या बोटीपर्यंत जाणारी बस गावच्या वळणावर उभी राहिली.

"लग्नाला का मावशी?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही रे. एकाची आहे, त्याला पोचवायचीय."

"टपावर टाकू का?"

"नको. राहू दे माझ्याजवळ."

ती खिडकीशी बसली. गुंडाळी तिने मांडीवर आडवी घेतली, मोडक्या बरगडीला लागणार नाही अशी, आणि बस सुटली.