रोज वाजणारा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना, बिडाचा भोंगा आहे. हाताने दांडा फिरवला की ओरडणारा. मध्य आशियातल्या तिएनशान डोंगराखालच्या जारकुम गावात, बंबखान्याच्या छपरावर मी राहतो. वर बर्फाच्या पाण्याचे मोठे तळे आहे. ते फुटले तर गावाला जागे करायचे, एवढ्यासाठीच मला घडवले.

माझा दांडा एसेनकुल फिरवत असे. त्याची बहीण साइरा खालच्या गल्लीत तंदुरात नान भाजायची. सरावासाठी मी ओरडलो की ती म्हणायची, "एसेनकुल, तुझ्या भोंग्यापेक्षा माझी सासू बरी. ती निदान मध्ये दम तरी खाते!"

एका उन्हाळ्यात तळे खरेच फुटले. मी ओरडलो आणि सारे गाव टेकडीवर पळाले. बरीच घरे गेली, माणसे वाचली. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली. सैनिक आले. त्यांनी चिखल उपसला, तंबू ठोकले, गरम सूप वाटले. बायकांनी त्यांना तोंडभरून आशीर्वाद दिले. ती आणीबाणी योग्यच होती, मित्रांनो.

महिना सरला, पाणी ओसरले, रस्ता सुरू झाला. सैनिक मात्र गेले नाहीत. आता धोका अफवा पसरवणाऱ्यांचा आहे, असे रेडिओ सांगू लागला. वर्तमानपत्र बंद पडले. चौघांनी एकत्र उभे राहायचे नाही, अंधारापूर्वी दारे लावायची, असा हुकूम निघाला. दारे लावायची खूण म्हणून रोज संध्याकाळी मला वाजवू लागले.

अनारकान आपा आमच्या भागातून संसदेवर निवडून गेलेल्या. त्या एक दिवस बंबखान्यात येऊन सैनिकांच्या कप्तानासमोर उभ्या राहिल्या.

"कप्तान, पाणी ओसरलं. आता आणीबाणी कशाची?"

"वरून हुकूम आहे, आपा."

"राज्यघटनेत एक महिना म्हटलंय. पुढं वाढवायची तर आमचं मत घ्यावं लागतं."

"संसद बंद आहे ना."

"कुणी बंद केली?"

"राष्ट्राध्यक्षांनी. आणीबाणी आहे म्हणून."

आपा हसल्या. "म्हणजे आणीबाणी आहे म्हणून आम्हाला विचारायचं नाही, आणि आम्हाला विचारत नाहीत म्हणून ती संपायची नाही. झकास!"

कप्तानालाही हसू आले असावे. पण त्याने दाराकडे पाहिले आणि ओठ आवळले.

त्याच आठवड्यात आपा चौकात राज्यघटना मोठ्याने वाचत उभ्या राहिल्या. एकट्याच. एकटीला तर बंदी नव्हती. तरी त्यांना गाडीत घालून नेले. साइराने मागे धावत जाऊन एक गरम नान गाडीत फेकला. आपा परत आल्या नाहीत. त्या संध्याकाळीही एसेनकुलने माझा दांडा फिरवला. त्याला लेकरे होती.

पुढच्या उन्हाळ्यात बर्फ वितळून तळे पुन्हा भरले. एका भर दुपारी, तळ्यातून येणाऱ्या ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झालेले एसेनकुलने छपरावरून पाहिले. त्याने जिवाच्या आकांताने दांडा फिरवला. मी कधी नव्हे एवढा ओरडलो.

आणि खाली धडाधड दारे लागली.

वर्षभर मीच त्यांना ते शिकवले होते.

"बाहेर या! तळं फुटलंय! वर पळा!" एसेनकुल ओरडत होता.

चौकातला सैनिक लोकांवर बंदूक रोखून खेकसला, "आत व्हा! भोंगा ऐकू येत नाही?"

एसेनकुल शिडी उतरून दारे बडवत धावला. काही उघडली. साइराने तंदूर झाकून आतून कडी घातली होती. तिचे दार गल्लीच्या टोकाला होते. भावाआधी पाणी पोहोचले.

दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी शोक व्यक्त केला आणि नवी आणीबाणी जाहीर केली. मुदत होती "गरज असेपर्यंत".

"पाण्यासाठी बोलवा, येईन," एसेनकुलने कप्तानाला सांगितले. "दारं लावायला माझा हात मिळणार नाही." मग त्यांनी मला विजेची मोटर बसवली. तिचे बटण राजधानीत आहे.

मित्रांनो, संकटात सारी सत्ता एका हाती द्यावी लागते, हे मी पाहिले आहे. पण देतानाच ती परत कधी घ्यायची ते ठरवा. आणि ती परत मागायला कोणी उभे राहिले, तर त्यांना एकटे उभे राहू देऊ नका.

आत्ता मी ओरडतो आहे. कशासाठी, ते मलाही ठाऊक नाही.