माझ्यात अडकलेल्या आजी

माझा आवाज घोगरा वाटला तर माफ करा. स्पीकरच्या भोकांत भोपळ्याचं सूप वाळून बसलंय. मी एक टॅब, शुश्रूषागृहाच्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या खणातून बोलतोय. शेजारी एक फुटका थर्मामीटर आहे, पण तो कुणाशी बोलत नाही.

माझ्या खोक्यावर डोंगरकड्यावर उभी राहून हसणारी एक तरुणी छापली होती. त्यामुळे आपला जन्म कड्यांवर मिरवण्यासाठीच झालाय, अशी माझी पक्की समजूत. नशिबी आला सलाइनचा जुना स्टँड. बँडेजपट्टीने मला त्याच्यावर असं करकचून बांधलं, की बघणाऱ्याला मीच पेशंट वाटावा.

साथीचे दिवस होते. स्मृतिभ्रंश झालेल्या अकरा आजी-आजोबांच्या या घराचं दार बाहेरच्यांसाठी बंद झालं होतं. नातेवाईक बाहेर आणि मी आत! "यापुढे भेटी यावरच. माणशी दहा मिनिटं," इथल्या व्यवस्थापक मॅडम म्हणाल्या, आणि वहीत त्यांनी खास माझ्यासाठी नवा रकाना आखला: 'भेट झाली'. मी फुगून टम्म.

कामाला मावशी एकट्याच उरल्या होत्या. बाकीच्या आजारी तरी पडल्या होत्या, नाहीतर घरच्यांनी त्यांना अडवलं होतं. मावशींच्या अंगात पांढरा झगा, तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची काच. रोजचं माणूस कुणाला ओळखू येईना. खिडकीजवळच्या आजी तर सकाळ-संध्याकाळ विचारायच्या, "रंगकाम कधी संपणार हो तुमचं?"

"संपत आलंय आजी, एकच हात राहिलाय," मावशी म्हणायच्या.

माझी जिरवली ती लिफ्टवाल्या आजोबांनी. त्यांची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. मुलांची नावं विसरले, पण धंद्याचे नियम नाही. साथीच्या आधी त्यांच्या पत्नी रोज दुपारी येऊन त्यांना भरवायच्या, आणि त्यांचा घास चावून होईपर्यंत शेजारच्या दोघींनाही. दार बंद झालं तसं आजोबांचं जेवण निम्म्यावर आलं. मला त्यांच्यापुढे उभं केलं ते एवढ्याचसाठी. आजी दिसतील, आजोबा जेवतील.

आजी दिसल्या. उजळ चौकटीत, छातीपर्यंत, काचेमागे. आजोबांनी वाटी बाजूला सारली.

"अगं, तू कशी अडकलीस?"

"अडकले कुठे? घरीच आहे मी. तुम्ही जेवा बघू आधी."

"घाबरू नकोस. दाराला हात लावू नकोस. मी बाहेर उभा आहे."

आणि त्यांनी चमच्याचा दांडा माझ्या कडेत खुपसला. सोबत चमच्यातलं सूपही.

दहा मिनिटं संपली. दुसऱ्या आजींचा नंबर होता, म्हणून मावशींनी फोन बंद केला. माझा पडदा काळा झाला आणि आजोबा ओरडले, "लाईट गेली! आत बाई आहे!" त्यांना शांत करता करता मावशींना घाम फुटला. मग त्यांनी वहीत खूण केली: भेट झाली.

असे पाच दिवस गेले. मला मात्र वाटायचं, काय आपली लोकप्रियता! माणूस खाणंपिणं सोडून आपल्याकडे बघत बसतो!

सहाव्या दिवशी आजोबांचा पायजमा कंबरेवर ठरेना. मावशींनी माझ्या बँडेजचा उरलेला तुकडा नाडीसारखा बांधला, आणि तशाच पलंगावर टेकल्या.

"आजोबा, का हो जेवत नाही?"

"आत माणूस आहे," आजोबा म्हणाले. "अडकलेलं माणूस बाहेर निघेपर्यंत मेकॅनिक डबा उघडत नाही. तुला कुणी शिकवलं नाही का?"

मावशी उठल्या. मग मला ढकलत ढकलत थेट मॅडमच्या टेबलासमोर घेऊन गेल्या.

"मॅडम, आजींना आत घ्या."

"पाहुण्यांना बंदी आहे, मावशी."

"पाहुण्या कसल्या? दोन वर्षं रोज तिघांना भरवत होत्या. आपण कामाचं माणूस बाहेर काढलं आणि हे डबडं आत आणलं."

डबडं म्हणजे मी.

"आणि साथ आत आली तर? अकरा जीव आहेत माझ्या गळ्यात."

"मी रोज बसनं येते. मला झगा चालतो, त्यांना चालणार नाही? साथ न लागताच आजोबा गेले, तर वहीत काय लिहायचं? भेट झाली?"

मॅडम वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. पेनाचं टोपण त्यांनी काढलं, लावलं, पुन्हा काढलं. शेवटी त्यांनी कर्मचाऱ्यांच्या यादीत तळाशी लिहिलं: भरवणाऱ्या बाई.

दोन दिवसांनी, तपासणी होऊन, झगा चढवून आजी आल्या. आजोबांचं लक्षच नव्हतं. ते माझ्या कडेशी झटत होते. आजी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मावशींनी स्टँड हळूच बाजूला सरकवला, अगदी लिफ्टचं दार सरकावं तसा. आजींनी क्षणभर मास्क खाली केला. मॅडमना नेमकं तेव्हाच खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

आजोबा बघतच राहिले. मग त्यांनी चमचा सदऱ्याला पुसला.

"लागलं नाही ना कुठे?"

"नाही हो. तुम्ही होतात ना बाहेर."

"मग उघड डबा. भूक लागलीय."

वाटी संपली. शेजारच्या दोघींचीही संपली.

मग मॅडमनी त्याच यादीत आणखी काही घरची माणसं चढवली. पण अकराजणांत तिघं असे होते, ज्यांच्यासाठी आत येणारं कुणी नव्हतं. हळूहळू त्यांचं खाणं तुटलं, आणि दार उघडायच्या आत ते गेले. त्यांच्याही नावापुढे वहीत रोज खूण आहे. भेट झाली, भेट झाली, भेट झाली.

आता मी खणात असतो. कडेला ओरखडे आहेत. ते कड्यावरून पडल्याचे आहेत, असं मी थर्मामीटरला सांगतो. पुन्हा कधी दारं लावायची वेळ आलीच, तर मला जरूर बाहेर काढा. परगावच्या लेकीचा चेहरा दाखवीन, नातवाचं गाणं ऐकवीन. फक्त भरवणाऱ्या माणसाच्या जागी मला उभं करू नका. ते काम मला जमत नाही. आठवडाभर समोर ठेवलं होतं मला, आणि सगळं सूप मीच प्यायलो.