चेनची ढील

तंग ढिला राहिला तर संसार आडवा होतो, हे सोनाजी भेटेल त्याला सांगत असे, आणि जो ऐकून घेत नसे त्याच्याशी वाद घालत असे. घोडीच्या पोटाखालून जाणाऱ्या त्या पट्ट्याविषयी बोलण्याचा त्याला अधिकारही होता. त्याची उभी हयात मेंढरांमागे गेली होती. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, कोंबड्यांचे खुराडे आणि सर्वांच्या वर बांधलेले एखादे लंगडे कोकरू, असा सगळा प्रपंच घोडीच्या पाठीवर लादून त्याने गोदाकाठापासून कन्नडच्या डोंगरापर्यंत वाटा तुडवल्या होत्या. तंग आवळताना घोडी पोट फुगवते. जाणता माणूस म्हणून तो एकदा आवळतो, तिला चार पावले चालवतो, आणि तिने श्वास सोडला की पुन्हा आवळतो. या दुसऱ्या आवळण्याचा ज्याने कंटाळा केला, त्याचा भार ओढ्याच्या मध्यावर कलंडला म्हणून समजावे.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर मेंढरे आणि चंद्री नावाची घोडी धाकट्या कडुबाकडे गेली, आणि सोनाजी थोरल्या अजिनाथकडे चितेगावला येऊन राहिला. अजिनाथ तिथल्याच एका कारखान्यात कामाला होता. त्याच्याकडे मोटरसायकल होती. सोनाजीने तिचे एकंदर रूप न्याहाळले, चाकापाशी फिरणारी चेन पाहिली आणि हाच हिचा तंग, असा निर्णय देऊन टाकला. तेव्हापासून दर अमावास्येला गाडी धुतली, लिंबू-मिरची बांधली, की म्हातारा दगडावर बसून हुकूम सोडी, "आवळ. आता चार पावलं फिरव. आता परत आवळ." अजिनाथ हसून पाना हाती घेई. वडिलांचा नियम त्याच्याही अंगात मुरलेला होता; ढिलाईतून आजवर कुणाचे भले झालेले त्याने पाहिले नव्हते.

त्या दिवशी सकाळी कडुबाचा फोन आला. कन्नडच्या पुढे, घाटाच्या अलीकडे एका कपाशीच्या रानात त्याचे बिऱ्हाड उतरले होते. चंद्रीच्या सडांना चीक आला होता. सांज व्हायच्या आत ती व्यायला बसेल असे दिसत होते.

"दादा, आबाला घिऊन ये," कडुबा म्हणाला. "मागल्या खेपेला शिंगराचा पाय आत मुडपला व्हता. आबाचा हात नसता तर दोन्ही गेली असती. आता तर ती म्हातारी झाली."

एसटी कन्नडपर्यंतच नेणार; पुढच्या ढेकळांतून त्या गुडघ्यांनी चालणे शक्य नव्हते. सोनाजीच्या बायकोने, पुतळाबाईने, भाकरी, तेलाची बाटली आणि जुनी लुगडी यांचे गाठोडे बांधून नवऱ्याच्या मांडीवर ठेवले, आणि बापलेक निघाले.

वस्ती ओलांडेपर्यंतच गाडी कण्हू लागली. तो खडखडाट नव्हता. चाकाच्या फेऱ्याबरोबर उमटणारा, दाताखाली दात घासल्यासारखा कर्र आवाज होता, आणि चढ लागला की त्याला धार येई. शहरात शिरेपर्यंत अजिनाथच्या पायांना त्याची कंपने जाणवू लागली. वाटेत चेन तुटली तर वडिलांना घेऊन भर रस्त्यात बसावे लागेल, आणि तिकडे घोडी अडेल. त्याने गाडी छावणीच्या बाजारात ओळखीच्या मिस्तरीच्या, नजीरभाईंच्या दुकानाकडे वळवली.

नजीरभाईंनी गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचे चाक फिरवले, कान लावला. चेनच्या खालच्या पट्टीला बोटाने वर-खाली करून पाहिले.

"थोडी टाइट आहे. पण रडण्यासारखी नाही," ते म्हणाले, आणि गाडीवर बसून बाजाराला वळसा घालून आले. "अजिनाथ, ही तर नवरीसारखी चूप आहे यार. आवाज कुठला?"

अजिनाथने स्वतः फेरी मारली. खरोखरच आवाज नव्हता. तो बुचकळ्यात पडून वडिलांना म्हणाला, "चला आबा. बसा."

सोनाजी गाठोड्यासह मागे बसला आणि गाडी पहिल्याच वळणावर पुन्हा कण्हली. अजिनाथ माघारी आला. आता त्याच्या चेहऱ्यावर निर्णय दिसत होता.

"आबा, तुमाला रिक्षानं घरी घालतो. मी एकटा जातो. एकट्याला गाडी काय बी बोलत नाय."

"तू जाऊन काय करशीन?" सोनाजी शांतपणे म्हणाला. "घोडीला व्हिडिओ दाखवशीन का?"

नजीरभाई हसू दाबत पाने पुसू लागले. शिंगरू अडले तर आपल्या हातांना काही ठाऊक नाही, हे अजिनाथला पुरते ठाऊक होते.

सोनाजी खाली उतरला नाही. तो मिस्तरीकडे वळला. "मिस्तरी, घोडी लंगडती का नाय, ते तिला रिकामी पळवून कसं कळंल? तिची खोड भाराखाली दिसती. मला उतरवून बघता अन् म्हणता आवाज नाय. मी वर बसलो हाय तवरच बघा."

नजीरभाईंचा हात थांबला. त्यांच्या दुकानात येणारी प्रत्येक गाडी रिकामीच स्टँडवर चढत असे. त्याहून वेगळे कधी कुणी सुचवले नव्हते. "हौ बाबा," ते म्हणाले, "बसून राहा."

त्यांनी चेनचे कव्हर काढले, गाडी दोन्ही चाकांवर उभी ठेवली, अजिनाथला पुढे बसायला लावले आणि वाकून चेनला बोट लावले. मग त्यांनी मान वर केली.

"तुम्ही दोघंही उतरा बाबा. तुमच्या जागी मी बसतो. हे तुम्हीच बघा."

सोनाजी गुडघे सांभाळत चाकाशेजारी उकिडवा बसला. इंजिन बंद होते. त्याने मेंढराची नस चाचपावी तसे बोट चेनखाली धरले. गाडी रिकामी होती तेव्हा लोखंडाच्या त्या माळेत किंचित हालचाल होती. अजिनाथ बसला आणि ती कमी झाली. मग नजीरभाई बसले, मागची स्प्रिंग दबली, आणि म्हाताऱ्याच्या बोटावर ती चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ झाली. तिला कुणी हात लावला नव्हता. पाना फिरला नव्हता. केवळ दोन माणसांचे वजन वरून उतरले होते, आणि इकडे, हातभर अंतरावर, प्रत्येक कडीने दुसरीला जिवाच्या आकांताने धरले होते.

"उतरा," तो म्हणाला. ते उतरले. चेन सैल झाली. "बसा." ती ताठली. त्याने हे पुन्हा करवून घेतले, आणि नंतर पुन्हा. बाजारात गर्दी वाहत होती, समोरचा चहावाला पाहत होता, आणि सोनाजीचे बोट तिथून निघत नव्हते. जनावर श्वास घेते, हे त्याला नवे नव्हते. लोखंडाचाही श्वास असतो आणि तो असा बोटाला लागतो, हे त्याने कधी कल्पिले नव्हते. इतकी वर्षे तो या जिनसेच्या पाठीवर बसत होता आणि ती खाली काय सोसते याची त्याला वार्ताही नव्हती.

तरी वाद घातल्यावाचून सोडणे त्याच्या स्वभावात नव्हते. "पर मिस्तरी, तंग ढिला ठिवला तर भार कलंडतो. हे तरी खोटं नाय."

"घोडीचं खरं आहे बाबा. भाराला तंग धरून ठेवतो. इथं उलटं आहे. वर भार बसला की चाक हलतं, अन् चेनला लांबी कमी पडते. तिला आधीच जागा द्यावी लागते. स्टँडवर कसली, की भाराखाली तिचा गळा आवळला समजा. अन् ढिली चेन अशी रडत नाही. ती खड्ड्यात कव्हरवर खटखट वाजते." त्यांनी गाडी स्टँडवर घेऊन चाक हळूहळू फिरवले. "आणखी बघा. एकच चेन, पण इथं सैल, इथं ताठ. ओढ सोसून एका अंगाला जास्त झिजली. बघायचं ते सगळ्यात ताठ जागी."

सोनाजीने बोट ठेवले. चाक फिरत गेले तशी तीच चेन मऊ झाली, कडक झाली, पुन्हा मऊ झाली. त्याला आपल्या कळपाची आठवण झाली; तिथेही चाल ठरते ती मागे पडणाऱ्या मेंढीवरून.

"मंग अमावशेच्या अमावशेला मीच हिचा गळा आवळीत आलो," तो म्हणाला.

"तरी टाकून गेली नाही ना कुठं? इमानदार जनावर आहे," नजीरभाई म्हणाले, आणि त्यांनी चाकाचा नट सैल केला.

बापलेकांना बसवून, सर्वांत ताठ जागी भाराखालीही थोडी हालचाल उरेल इतकी ढील त्यांनी दिली. चाक सरळ बसल्याची खूण दोन्ही बाजूंनी तपासली, नट आवळला, तेल सोडले. आजचे जाणे-येणे सावकाश करा, चेन मात्र परत आल्यावर बदलायचीच, असे बजावून त्यांनी निरोप दिला.

मिटमिटा मागे पडला, वेरूळ मागे पडले. हतनूरच्या पुढे रस्ता चढू लागला तेव्हा अजिनाथने श्वास रोखून पायाखाली कान लावला. गाडी बोलली नाही. मागे सोनाजी गाठोडे कवटाळून बसला होता. प्रत्येक गतिरोधकावर तो अंग उचलून धरी आणि मग हलकेच पुन्हा भार टाकी.

उन्हे कलताना ते कपाशीच्या रानात पोहोचले. चंद्री आडवी झाली होती. शिंगराचा एक पाय बाहेर दिसत होता, दुसरा नव्हता, आणि कडुबा घामाघूम होऊन त्या एका पायाला ओढ लावत होता. सोनाजीने त्याला खांद्याने बाजूला सारले, हात तेलात बुडवला, आणि आत मुडपलेला खूर तळहातात झाकून सरळ करून आणला. कडुबा पुन्हा दोन्ही पाय धरून ओढू लागला.

"थांब," सोनाजी म्हणाला. त्याने दुसरा हात घोडीच्या पोटावर टेकवला होता. "आता तिनं सोडलंय. तू बी सोड."

पोट तळव्याखाली सैल होते. मग खोलवरून काहीतरी भरत आले, आणि ते ताठ, ताठ होत गेले.

"आता."

हे त्याच्या हातांना आयुष्यभर ठाऊक होते. कित्येक घोड्या, शेकडो मेंढ्या त्यांनी अशाच सोडवल्या होत्या. ते त्याला आज समोर बसून कुणी सांगितल्यासारखे ऐकू आले. ढील, मग ताण, मग पुन्हा ढील. आणि शेवटच्या ताणाबरोबर ओले, काळे, लांब पायांचे शिंगरू पुतळाबाईच्या लुगड्यावर येऊन पडले. चंद्रीने मान वळवून त्याला हुंगले.

शिंगरू उठण्याची पहिली धडपड करत होते, तेव्हा कडुबाच्या ध्यानात आले की आबा तिथे नाही. तो मोटरसायकलपाशी उकिडवा बसला होता. हात धुतलेले, आणि बोट चेनखाली.

"आबा, इकडं शिंगरू हुबं राहतंय, अन् तुमी तिकडं काय करता?"

"आलो," सोनाजी म्हणाला. "भार उतरल्यावर कशी हाय, ते बघतो."