मारलं म्हणजे काय?

मी एक जुना पिंजरा आहे. घाबरू नका मित्रांनो, वाघाचा नव्हे. ठाण्याच्या कोर्टातला, साक्षीदाराचा. माझ्या कठड्याला धरून काहींनी खरं सांगितलं, काहींनी धडधडीत खोटं. पण मला छळलं ते एका खऱ्याच शब्दाने.

सन अठ्ठेचाळीस. कोपरीची हौसाबाई माझ्यात उभी होती. खाडीत जाळं लावण्यावरून तिच्या मुलाचं, राघोचं, एकाशी भांडण झालं आणि दोन दिवसांनी तो माणूस मेला. "राघोने काय केलं?" वकिलांनी विचारलं.

"मारलं त्याला," ती म्हणाली. हाताने तिने फटक्याची खूण केली. दुभाषी त्र्यंबकरावांची नजर कागदावर होती. त्यांनी जज्जसाहेबांना इंग्रजीत सांगितलं, ठार मारलं. इंग्रजी जबानीवर बाईने अंगठा उठवला. राघोला जन्मठेप झाली आणि तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच वारला. "माझ्याच तोंडानं पोर गेला," असं हौसाबाई सांगत फिरे. कोर्ट रिकामं झालं की तिचा तो शब्द माझ्या फळ्यांत घुमायचा. मला कोण विचारणार?

पुढे नवा पिंजरा आला आणि मला कल्याणच्या एका नाटकमंडळाने नेलं. कोर्टाचं नाटक होतं. चुका काढायला बोलावलं कोणाला, तर निवृत्त त्र्यंबकरावांना! "अहो, आधी सरतपासणी, मग उलटतपासणी! आणि आरोपीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात काय कोंबता?" म्हातारा खूश होता.

आईचं काम करणारी सरोज माझ्यात चढली. "माझ्या मुलाने मारलं त्याला," ती म्हणाली आणि अडली. "काका, मारलं म्हणजे ठार, की नुसतं हाणलं? मी रडू कशी?"

त्र्यंबकरावांनी तालीम तिथेच सोडली आणि कोपरीची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते हौसाबाईला घेऊन आले. तिला खुर्ची दिली आणि स्वतः माझ्यात उभे राहिले. माझा कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"बाई, त्या दिवशी मारलं म्हणालात, म्हणजे काय?"

"हाणलं ओ. वल्ह्यानं दोन फटके."

"मी ठार मारलं सांगितलं. चूक माझी. तुमच्या तोंडाने नाही गेला राघो."

तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, "परत सांगा."

त्यांनी सांगितलं.

"परत."

मित्रांनो, दुसऱ्याचं बोलणं पुढे पोचवताना एकदा विचारत जा, म्हणजे काय? त्या दुपारी त्र्यंबकरावांनी ते सात वेळा सांगितलं. तरी हौसाबाई उठली नाही; "परत," म्हणाली.