लाल दोऱ्याची बाटली

वरून इंजिनात ओतलेलं नवं तेल खालून अंगणात चाललंय, हे तिहोमिरला कळलं ते पायातला जोडा निसरडा झाला तेव्हा. चार लिटरचा डबा जवळजवळ रिकामा झाला होता. त्याने वाकून गाडीखाली पाहिलं. मग शर्टाचा खिसा चाचपला. तेलाच्या टाकीचा बोल्ट खिशातच होता.

"काय तिहोमिर," कुंपणापलीकडून आवाज आला, "यंदा तेल पेरलंस वाटतं. उगवलं की सांग, मलाही लागेल थोडं."

हा शेजारचा ग्वोझ्देन. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून कुंपणावर कोपरं टेकून उभं राहणं हाच त्याचा धंदा झाला होता.

"तुला दुसरं काही काम नाही का रे?"

"आहे ना. पण हे जास्त बरं आहे."

तिहोमिरने लाकडाचा भुसा आणून तेलावर टाकला. संतापाने थोडा जास्तच टाकला, तो अर्धा इंजिनवर उडाला. मग तो फडक्याने पुसत बसला.

तो काही मेकॅनिक नव्हता. आयुष्यभर त्याने सहकारी वखारीत आलुबुखाराच्या पेट्या तोलल्या होत्या. पण ही गाडी घेतली तेव्हा गल्लीतला प्रत्येक जण आपली गाडी आपणच दुरुस्त करत असे. गॅरेजमध्ये नेणाऱ्याला लोक हसत. तिहोमिरने चौतीस वर्षं ती स्वतः दुरुस्त केली, आणि या चौतीस वर्षांत असं तेल एकदाही सांडलं नव्हतं. तो स्वतःला बरा कारागीर समजत होता.

तो काम करत असला की मिलुंका, त्याची बायको, आलुबुखाराची रिकामी पेटी उलटी घालून तिच्यावर विणत बसायची. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नसे. पण मध्येच मान वर न करता विचारायची, "बोल्ट लावलास?"

"लावला गं बाई."

"झाकण?"

"लावलं, लावलं. काय डोकं खातेस."

मग ती पुन्हा विणू लागायची, आणि तिचं लक्ष नाही असं पाहून तो हळूच खिसा चाचपायचा. पाचातून दोनदा बोल्ट खिशात निघायचा. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. ती उगाच कटकट करते, असंच तो चारचौघांत सांगत आला.

उद्या शनिवार. मिलुंकाला जाऊन वर्ष होत होतं. तिला पुरलं होतं तिच्या माहेरी, डोंगरावरच्या गावात, आईवडिलांशेजारी. तशी तिचीच इच्छा होती. ती गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या विधीला तिहोमिर सगळ्यांसमोर बोलून गेला होता, की वर्षाच्या दिवशी मी आमच्या गाडीने येईन आणि तिच्या हातची राकिया तिला आणीन. तिकडे थडग्यापाशी कुणीही पेला तोंडाला लावण्याआधी चार थेंब मातीवर सांडतो, ते गेलेल्या माणसाचे. आणि मिलुंकाच्या हातची, म्हणजे तिने स्वतः भट्टीपाशी उभं राहून गाळलेली आलुबुखाराची राकिया, आता एकच बाटली उरली होती.

ती बाटली गॅरेजच्या फळीवर होती. त्या घरात सगळंच मिनरल वॉटरच्या जुन्या बाटल्यांत असायचं. राकिया, व्हिनेगर, बॅटरीचं पाणी. सगळं पाण्यासारखं बिनरंगाचं. मिलुंकाने त्यावर उपाय काढला होता. राकियाच्या गळ्याला लाल लोकरीचा दोरा, व्हिनेगरला काळा, बॅटरीच्या पाण्याला काहीच नाही.

दुपारी फोन आला. मिलुंकाचा धाकटा भाऊ, ओब्रेन.

"दाजी, उद्या मी येतो तुम्हाला न्यायला."

"नको. मी गाडी घेऊन येतोय."

"ती गाडी? अहो, ती चढ चढायची नाही."

"चढेल."

"हट्ट कशाला करता? ताई काय तुम्ही कशातून आलात ते बघणार आहे का?"

"ओब्रेन, मी बोललोय सगळ्यांसमोर," तिहोमिर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग त्याने स्पार्क प्लग बदलायला घेतले. चारही वायरी एकदम काढल्या. एकेक काढावी, एकेक लावावी, हे त्याला माहीत होतं. पण चिडलेल्या माणसाला एकेक सुचत नाही. नवे प्लग बसवले, वायरी लावल्या, किल्ली फिरवली. धडाम. मागच्या नळीतून असा बार निघाला की ग्वोझ्देनच्या कोंबड्या झाडावर चढल्या.

"लागली का गोळी?" ग्वोझ्देनने विचारलं.

"कुणाला?"

"ते तूच बघ. माझ्या कोंबड्या सगळ्या आहेत."

वायरी बरोबर लागेपर्यंत दोन तास गेले. एक वायर मात्र लोंबकळत पंख्याच्या वाटेत येत होती. बांधायला काही सापडेना. तार नाही, सुतळी नाही. आठवडाभर सर्दीने नाक गच्च बंद, डोकं जड, त्यात ही वायर. त्याची नजर फळीवर गेली. पहिल्या बाटलीच्या गळ्यातला लाल दोरा त्याने ओढून काढला आणि वायर बाजूला घट्ट बांधून टाकली. दिवसभरात हे एकच काम पहिल्या झटक्यात जमलं होतं. त्याला जरा बरं वाटलं.

शेवटी राहिला रेडिएटर. होज पाइप बदलताना तो रिकामा केला होता. त्यांच्या नळाच्या पाण्यात चुना फार, म्हणून रेडिएटरमध्ये तो नेहमी बॅटरीचंच पाणी घालायचा. फळीवरून बिनदोऱ्याच्या बाटल्या घेतल्या आणि एकामागून एक ओतल्या. झाकण लावलं. लावल्यावर पुन्हा हात लावून बघितलं. आता चूक नको.

सकाळी कोट घातला, साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू डब्यात भरले, मेणबत्त्या घेतल्या आणि राकिया आणायला गॅरेजमध्ये गेला. लाल दोऱ्याची बाटली नव्हती. फळीवर नाही, खाली नाही, घरात नाही. व्हिनेगरची होती. तेवढीच होती. तो तणतणत कुंपणापाशी गेला.

"ग्वोझ्देन, काल तू माझ्या गॅरेजमध्ये शिरला होतास?"

"मी? कशाला?"

"मिलुंकाची बाटली नाही."

ग्वोझ्देनने कोपरं कुंपणावरून उचलली. तो क्वचितच उचलायचा. "इतकी वर्षं शेजारी आहोत आपण," तो म्हणाला. "मी तिची बाटली घेईन?"

ग्वोझ्देन आत गेला आणि स्वतःची बाटली घेऊन आला. "ही ने."

"नको. तुझी तिला आवडायची नाही."

"माहीत आहे. तोंडावर सांगायची मला." त्याने बाटली काखेत धरली. "मग तसाच जा. उशीर होतोय."

तिहोमिर निघाला. सपाटीवर गाडी छान पळाली. ओब्रेन काय म्हणेल आता, असं त्याच्या मनातही आलं. चढ लागला तसा उष्णतेचा काटा वर सरकू लागला. निम्म्या चढाला तो लालवर गेला. तिहोमिरने शिव्या घातल्या. आधी गाडीला, मग रस्त्याला, मग स्वतःला. खिडक्या उघडल्या आणि पाय रेटून ठेवला. दफनभूमीचं फाटक दिसलं तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती. फाटकाशीच गाडी ठप्प झाली.

सगळी मंडळी बाहेर येऊन उभी होती. ओब्रेन, त्याची बायको, मिलुंकाची म्हातारी आत्या, पाद्री. ओब्रेनने बॉनेट उघडलं. वाफेचा लोट निघाला आणि मंडळी मागे सरली. मग एकेक जण नाक वर करून हुंगू लागला. पाद्रीसुद्धा.

"दाजी," ओब्रेन म्हणाला, "रेडिएटरमध्ये काय घातलंत?"

"पाणी. काय घालतात?"

"असलं पाणी मला रोज पाजा."

"म्हणजे?"

"अहो, सगळा डोंगर राकियाने घमघमतोय."

तिहोमिरला कसलाच वास येत नव्हता. तो पुढे झाला आणि इंजिनात डोकावला. वाफेतून त्याला वायरीवरचा लाल दोरा दिसला. नीट, दोन गाठी मारून बांधलेला.

तो तसाच वाकून राहिला. ओब्रेन हसत होता, मग तिहोमिरच्या पाठीकडे बघून थांबला.

"ती तिची होती," तिहोमिर म्हणाला. "शेवटची. तिने बाजूला ठेवलेली."

रेडिएटरच्या छोट्या नळीतून थेंब खाली मातीत पडत होते. ओब्रेनच्या बायकोने खाली भांडं ठेवायला हात पुढे केला, तर म्हातारी आत्या म्हणाली, "असू दे गं. मातीतच जायची होती ना?"

पाद्रीने प्रार्थना म्हटली. गहू चमच्याने सगळ्यांच्या तळहातावर फिरले, मेणबत्त्या वाऱ्याने दोनदा विझल्या. ओब्रेनने आणलेली राकिया पेल्यांत ओतली गेली. तिहोमिरने आपला पेला घेतला, थडग्यावर चार थेंब सांडले आणि उरलेली न पिताच पेला परत दिला.

नंतर मंडळी जेवायला ओब्रेनच्या घरी निघाली.

"चला दाजी, माझ्या गाडीत बसा. ही संध्याकाळी ओढून नेऊ."

"तुम्ही व्हा पुढे. थंड झाली की पाणी भरून येतो."

"येईल का ती तिथवर?"

"उतार आहे," तिहोमिर म्हणाला.

सगळे गेल्यावर त्याने बराच वेळ वाट पाहिली. बसायला पेटी नव्हती, म्हणून फाटकाजवळच्या बुटक्या भिंतीवर बसला. मग उठून फडक्याने धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. दफनभूमीच्या नळावरून एका रिकाम्या बाटलीने पाणी आणलं. चुन्याचं असेना का. चार खेपा केल्या. दोऱ्याला हात लावला नाही. वायर चांगली बांधली गेली होती.

बॉनेट पाडलं, हात पुसले, गाडीत बसून किल्लीला हात घातला आणि थांबला.

"लावलं गं बाई," तो म्हणाला. "लावलं."

मग त्याने काचेतून बाहेर पाहिलं. झाकण भिंतीवर होतं, तो बसला होता त्या जागेशेजारी. तो दार उघडून खाली उतरला.